मादी शॅमेलिऑन अंडी घालणार असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते, माझ्याकडे शेवंती नावाची व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची मादी आहे, आता साडेतीन वर्षांची झाली. तिच्या आधी मैना होती. मैना सात महिन्यांची असताना पोटात अंडी अडकून गेली आणि ती गेली कारण मला माहितीच नव्हतं की घरात नर नसताना पण मादी अंडी धरते आणि ती घालायला तिला वाळू लागते. तेव्हापासून इथल्या मराठी घरांमधून मला फोन, मेसेज येत असतात, मुलांनी हट्ट करून रेप्टाइल एक्स्पोमधून पिल्लू आणलेलं असतं आणि मग एक दिवस ते केजच्या तळाशी बसलेलं दिसतं. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. हे सगळं मुख्यतः व्हेल्ड जातीबद्दल आहे, म्हणजे डोक्यावर उंच तुरा असलेली, मूळची येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातली. दुसऱ्या जातींबद्दल खाली थोडं आहे.

आमच्याकडे एकच आहे, नर कधी जवळ पण आलेला नाही, मग अंडी कशी काय?

कोंबडीसारखंच. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच ना, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. व्हेल्ड मादीचं तसंच आहे, शरीर मोठं झालं, खाणं भरपूर मिळालं, ऊब मिळाली की अंडी तयार व्हायला लागतात. ही अंडी निर्जीव असली तरी घालावी लागतात ती खरीखुरी, तेवढाच त्रास, तेवढाच धोका. "नर नाही म्हणजे आपल्याला काही करायची गरज नाही" हा गैरसमज सगळ्यात जास्त माद्या मारतो असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात मादीच आहे हे कसं ओळखायचं? दुकानवाला नर म्हणाला होता.

मागच्या पायांचे पंजे बघा. नराला टाचेवर मागच्या बाजूला एक छोटी गाठ असते, कोंबड्याच्या पायावरच्या नखीसारखी, आणि व्हेल्डमध्ये ती अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच असते. दोन्ही पाय गुळगुळीत असतील तर मादी. पिल्लू लहान असेल तर मोबाइलवर मागच्या पायाचा फोटो काढा आणि झूम करा, पाच मिनिटांचं काम आहे. दुकानवाल्याच्या शब्दावर राहू नका, मैनाला पण मला नर म्हणूनच दिलं होतं.

कितव्या महिन्यापासून तयारी ठेवायची?

चौथा महिना संपला की. होय, एवढ्या लवकर. काही माद्या चार-पाच महिन्यांतच पहिली अंडी धरतात, म्हणजे अजून त्या स्वतःच पोर असतात. म्हणून लेइंग बिन, म्हणजे अंडी घालायचा वाळूचा डबा, चार महिन्यांपासून केजमध्ये कायमचा ठेवायचा. लक्षणं दिसल्यावर ठेवू असं म्हणू नका. लक्षणं कधी कधी दिसतच नाहीत, कधी तुम्ही ऑफिसला असताना दिसतात, आणि नवीन डबा अचानक समोर आला तर ती बिचकते ते वेगळंच.

तिने अंडी धरलीत हे कळणार कसं?

रंगावरून थोडं, पोटावरून थोडं, पण खरं म्हणजे वागण्यावरून.

तयार झालेल्या मादीच्या हिरव्या अंगावर निळसर-फिरोजी आणि पिवळे ठिपके उठून दिसायला लागतात. नराशी मेटिंग झालेलं असेल तर ती खूप गडद होते, काळपट, आणि त्यावर पिवळे-निळे डाग, आणि नर समोर आणला तर तोंड उघडून हिसहिस करते, झुलते. नराशिवाय अंडी धरलेली मादी एवढी काळी होईलच असं नाही म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका.

पोट खालून भरल्यासारखं दिसतं, कधी कातडीखाली छोट्या गोट्या असल्यासारखे उंचवटे दिसतात. दाबून बघायचं नाही! मी किचनमधला वजनकाटा वापरते, त्यावर एक काठी आडवी ठेवायची, ती काठीवर आपोआप चढते, दर रविवारी वजन वहीत लिहायचं. शेवंतीचं पहिल्या वेळी खाणं तेच असताना वजन तीन आठवड्यांत सरळ वर गेलं तेव्हाच मला अंदाज आला.

आणि वागणं. एरवी फांदीवर तासन्‌तास शांत बसणारी मादी एकदम येरझारा घालायला लागते, जाळीला नखं लावून चढते-उतरते, तळाशी जाते, कोपरे खरवडते, कुंडीत उतरून माती उकरते. शॅमेलिऑन हा झाडावरचा जीव आहे, तो उगाच जमिनीवर उतरत नाही. ती खाली उतरली आणि हालचाल जोरात चालू असेल तर ती जागा शोधतेय. ती खाली उतरून गप्प बसली असेल तर ती आजारी आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

लेइंग बिन नक्की कसा बनवायचा?

डबा लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी निदान ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. आणखी मोठा असेल तर चांगलंच. पारदर्शक नको, बाहेरून उजेड आत येतो, आणि तिला खाली अंधार हवा असतो. मी साधी प्लास्टिकची अपारदर्शक बादली वापरते, तळाला पाच-सहा बारीक भोकं पाडलेली, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं.

आत वाळू. हार्डवेअरच्या दुकानात लहान मुलांच्या सँडपिटसाठी धुतलेली बारीक वाळू मिळते ती. घरी आणून परत दोन-तीन पाण्यांत धुवायची. नुसती वाळू चालते, वाळूत थोडी खत नसलेली माती मिसळली तरी चालते. खोली कमीत कमी १५ सेंटिमीटर, पण मी २० ते २५ ठेवते कारण बऱ्याच माद्या थेट तळापर्यंत जातात आणि तळ लवकर लागला की काहींना ती जागा पटत नाही.

आता ओलावा, इथेच सगळे चुकतात. समुद्रावर आपण पायावर ओली वाळू थापून खोपा करायचो, पाय हळूच मागे ओढला की खोपा तसाच उभा राहायचा, आठवतंय? बरोब्बर तेवढी ओली. कोरडी असेल तर ती खणत राहते आणि वरून वाळू कोसळत राहते, दमून सोडून देते. चिखल असेल तर तळात पाणी साचतं आणि ती आत जात नाही. बोटाने किंवा जाड मार्करने तळापर्यंत तिरकं भोक पाडून बघा, बोट काढल्यावर भोक तसंच राहिलं म्हणजे झालं. आणि ते भोक तसंच ठेवा, बुजवू नका, काही माद्या आयतं सुरू केलेलं भोक बघून तिथेच कामाला लागतात. दर दोन-तीन दिवसांनी ओलावा परत तपासायचा, बास्किंग लाइटखाली, म्हणजे ऊब घ्यायला लावलेल्या दिव्याखाली, वाळू लवकर सुकते.

डब्यात उतरायला एक जाड फांदी लावा, आणि जमलं तर एका कडेला एखादं छोटं झाड किंवा प्लास्टिकची वेल, त्यांना मुळाशी, खोडाच्या आडोशाने खणायला आवडतं. डबा केजमध्ये मावत नसेल तर वेगळ्या मोठ्या टबमध्ये सगळी सोय करून तिला तिकडे हलवणारे लोक आहेत, पण मला तो दुसरा पर्याय वाटतो, अशा दिवसांत घर बदलणं कोणालाच बरं वाटत नाही.

कोकोपीट, गांडूळखत, व्हर्मिक्युलाइट, कुंडीतली पॉटिंग माती, यातलं काय चालेल?

खणायला यातलं काहीच नको. व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे झाडांसाठी मिळतो त्या हलक्या, भुसभुशीत खनिजात, बोगदा टिकत नाही. बाजारच्या पॉटिंग मातीत खत आणि ते पांढरे पर्लाइटचे दाणे असतात. नुसतं कोकोपीट पण ढासळतं.

ती खणायला लागली! आता मी काय करू?

तिथून निघून जा. खरंच.

मी हे जरा सविस्तर सांगते कारण या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. खणताना मादीला वाटलं की कोणीतरी बघतंय, तर ती भोक सोडून देते. जंगलात ते बरोबरच आहे, जिथे कोणी बघितलं तिथे अंडी ठेवली तर ती खाल्ली जाणार. पण घरात तीच माणसं, तोच टीव्ही, तीच मांजर सारखी समोर असेल तर ती परत परत सोडत राहते आणि अंडी पोटातच राहतात. एकदा-दोनदा सोडून दिलं तर ठीक, पण हे दिवसेंदिवस चाललं तर अंडी अडकण्यापर्यंत जातं.

शेवंतीच्या पहिल्या वेळी माझी आई साताऱ्याहून आलेली होती. शेवंती दुपारी डब्यात उतरली, मी मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला धावले, ती थांबली, एक डोळा माझ्याकडे फिरवला आणि फांदीवर परत. दुसऱ्या दिवशी पण तेच. आईने शॅमेलिऑन आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला, पण ती म्हणाली, "अगं आडोसा कर की तिला. आपण खुडूक कोंबडी डालग्याखाली अंधारात बसवायचो, येऊन-जाऊन कोणी बघायचं नाही." आणि तिनेच तिची जुनी कॉटनची साडी केजच्या तिन्ही बाजूंनी लावून दिली. वरची बाजू लाइट आणि हवेसाठी मोकळी ठेवली, मागच्या बाजूने बोटभर फट ठेवली बघायला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंती आत गेली ती नुसती शेपटीचं टोक दिसत होतं.

तर करायचं ते एवढंच. केजला चादर लावा, घरातल्यांना सांगून ठेवा, मांजर-कुत्रा असेल तर खोलीचं दार बंद. लाइट रोजच्या वेळेलाच लागले-बंद झाले पाहिजेत. मिस्टिंग, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, चालू ठेवा पण डब्यात धबाधबा पाणी पडू देऊ नका. दिवसातून एक-दोनदा फटीतून चोरून बघा, बास.

किती वेळ लागतो? आमची रात्रभर त्या बोगद्यातच झोपली.

नॉर्मल आहे, घाबरू नका आणि बाहेर काढू नका. काही माद्या एका दिवसात उरकतात, काहींना दोन दिवस लागतात, मध्ये बोगद्यातच झोपतात. आधी एक-दोन अर्धवट भोकं करून सोडणं पण चालतं. आधी डोकं आत घालून खणते, मग आतच वळते, तोंड बाहेर आणि मागचा भाग खाली, मग अंडी घालते. त्यानंतर वाळू परत ओढून भोक बुजवते आणि पायांनी थोपटून थोपटून अशी सारखी करते की वरून काही कळत नाही. हे बुजवणं पूर्ण होऊ द्या. बरेच जण अंडी बघायच्या घाईत मध्येच हात घालतात. ती स्वतःहून फांदीवर परत चढली की मगच डबा बाहेर काढायचा.

खाणं बंद केलंय, जबरदस्तीने भरवू का?

नको. अंडी घालायच्या आधी काही दिवस भूक कमी होते किंवा पूर्ण बंद होते, पोटात जागाच नसते. पाणी मात्र प्यायली पाहिजे. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो, म्हणून ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारं भांडं, जास्त वेळ चालू ठेवा. पाणी पुरतंय की नाही ते शीवरून कळतं, शीबरोबर जो घट्ट पांढरा भाग येतो तो पांढराच पाहिजे, गडद केशरी झाला म्हणजे पाणी कमी पडतंय.

हे सगळं नॉर्मल आहे की आता डॉक्टरकडे पळायचं, हे कसं ठरवू?

पुढचं काहीही दिसलं तर त्याच दिवशी व्हेटकडे, उद्यावर ढकलू नका: दिवसा डोळे मिटून बसणं. तळाशी नुसतं पडून राहणं. फांदीवरची पकड सुटणं, पाय थरथरणं. डोळे आत जाणं. गरम नसलेल्या जागी पण तोंड उघडं ठेवून श्वास घेणं. मागचा भाग आवळून कळा दिल्यासारखं करतेय पण बाहेर काही येत नाही. एक-दोन अंडी इकडेतिकडे टाकली आणि पोट अजून भरलेलंच आहे. किंवा दोन-तीन दिवस खणून खणून आता एकदम मलूल झाली.

मैनाचं असंच झालं होतं. ती दोन दिवस केजच्या तळाशी कोपरे खरवडत होती, मला वाटलं केज लहान पडतोय म्हणून मी ऑनलाइन मोठा केज ऑर्डर केला. तिसऱ्या दिवशी ती शांत झाली आणि मला वाटलं बरं झालं, रुळली. ती रुळली नव्हती, संपत आली होती. चौथ्या दिवशी डोळे मिटलेले बघून मी जवळच्या एका इमर्जन्सी क्लिनिकला नेलं, तिथे सांगितलं आम्ही सरपटणारे प्राणी बघत नाही. दुसरा डॉक्टर दीड तासावर होता. एक्सरेमध्ये अंडी मोजता येत होती एवढी स्पष्ट. ती रात्र तिने काढली नाही. म्हणून हात जोडून सांगते, रेप्टाइल बघणारा व्हेट आजच शोधून ठेवा, प्राणी ठणठणीत असताना. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटर्नेरियन्स म्हणून संस्था आहे, एआरएव्ही, त्यांच्या वेबसाइटवर गावानुसार डॉक्टर शोधता येतात. फोन करून विचारा की शॅमेलिऑन बघता का, आणि रविवारी काय सोय आहे.

व्हेट नेमकं काय करतात?

आधी एक्सरे. कवच तयार झालेली अंडी त्यात दिसतात. कधी अंडी अजून नुसत्या पिवळ्या बलकाच्या गोळ्यांच्या अवस्थेत अडकलेली असतात, त्याला फॉलिक्युलर स्टॅसिस म्हणतात, ते बघायला सोनोग्राफी लागते. अंडी तयार असतील, वाटेत अडथळा नसेल आणि मादीत ताकद असेल तर सलाइन, कॅल्शियम आणि मग ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊन बघतात, पण सरड्यांमध्ये ऑक्सिटोसिन कासवांइतकं हमखास लागू पडत नाही. बलकाच्या अवस्थेत अडकलेलं असेल तर त्याचा उपयोगच नाही. मग ऑपरेशन. ऑपरेशन जितकं लवकर तितकी वाचायची शक्यता जास्त, पार थकलेल्या मादीला भूल देणंच धोक्याचं होतं.

घरी काही उपाय? कोमट पाण्यात बसवणं, एरंडेल, पोट चोळणं?

पोट चोळायचं, दाबायचं अजिबात नाही, अंडं आत फुटलं तर इन्फेक्शन होऊन जीव जातो. एरंडेल वगैरे काही नाही. कोमट पाण्यात बसवणं पण शॅमेलिऑनला नको, ती घाबरते, ताण वाढतो. घरी करण्यासारखं एवढंच आहे की डबा बरोबर आहे का ते परत बघा, आडोसा करा, पाणी द्या. त्यानंतरही होत नसेल तर गाडी काढा.

अंडी घालून झाली. आता?

बाळंतिणीसारखंच बघायचं. अंगातलं पाणी आणि कॅल्शियम दोन्ही ओसरलेलं असतं. शेवंती पहिल्या वेळी ११८ ग्रॅम होती, ३४ अंडी घातल्यावर ७६ भरली, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वजन एका दिवसात गेलं. कातडी लोंबते, बरगड्या दिसतात, डोळे दमलेले, बघवत नाही अगदी.

लगेच उचलून कुरवाळू नका. लांब, सावकाश मिस्टिंग करा, ड्रिपर दिवसभर. भूक लागली की दोन-तीन दिवस पोटभर द्या, कॅल्शियम लावून क्रिकेट म्हणजे ते रातकिडे, सिल्कवर्म म्हणजे रेशीमकिडे मिळाले तर फारच छान, पाणीदार आणि मऊ. मग परत नेहमीच्या मापावर या. पुढचं वाचा म्हणजे का ते कळेल. आणि चार-पाच दिवसांत ती तरतरीत झाली नाही किंवा पोट अजून गाठाळ वाटलं तर एकदा एक्सरे करून घ्या, एखादं अंडं मागे राहिलेलं असू शकतं.

दर वेळी एवढी अंडी घालतेच का? कमी करता येत नाही?

येतात! आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. व्हेल्ड मादी साधारण २० ते ६० अंडी घालते, भरमसाट खायला घातलेल्या माद्या ८० च्या वर पण जातात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा. प्रत्येक खेपेला तिचं आयुष्य थोडं झिजतं. त्यामागे मुख्य दोन कारणं, जास्त खाणं आणि जास्त ऊब. शरीराला वाटतं सुगी आहे, घाला अंडी.

पहिले सहा-सात महिने वाढीचे, तेव्हा उपाशी ठेवायचं नाही. त्यानंतर हळूहळू कमी करत मोठ्या मादीला एक दिवसाआड चार-पाच मध्यम क्रिकेट पुरतात. होय, एवढेच. ती काचेला नाक लावून मागेल, तुमचं मन भरून येईल, आपल्याकडे "खाऊ दे की बिचारीला" हा स्वभावच असतो आणि पाहुणे तर हमखास भरवतात. मी केजवर चिठ्ठी लावलीय. मेणकिडे, सुपरवर्म असले चरबीवाले किडे महिन्यातून एखाद्या वेळी. हिरवी पानं मात्र व्हेल्ड खाते, जास्वंदीची पानं-फुलं, डँडेलियन, ते खाऊ दे.

आणि बास्किंगची जागा २७ अंश सेल्सिअस, इथल्या भाषेत ८० फॅरनहाइट, त्याच्या वर नको. बऱ्याच ठिकाणी ९०-९५ लिहिलेलं असतं, ते मोठ्या मादीला नको. रात्री गार होऊ द्या, सगळे लाइट बंद. नर असेल तर तो तिच्या नजरेला पडता कामा नये, नुसता दिसला तरी काही माद्या अंडी धरतात.

एक सावधगिरी, हे सगळं अंडी धरायच्या आधीचं. आत्ता पोटात अंडी असतील तर खाणं कापू नका, आधी तिला मोकळी होऊ द्या.

शेवंतीची दुसरी खेप २२ अंड्यांची होती, आणि त्यानंतर आता सोळा महिने एकही नाही. डबा तरीही केजमध्ये आहे.

कॅल्शियम किती, कुठलं? यूव्हीबी लाइट खरंच लागतो का?

लागतो, यूव्हीबी म्हणजे उन्हात असतात ते अतिनील किरण, पण खिडकीतलं ऊन चालत नाही कारण काच यूव्हीबी अडवते. लांब टी-५ ट्यूब, ५.० किंवा ६ टक्क्यांची, दिवसाला बारा तास, आणि वर्षाने बदलायची, उजेड दिसत असला तरी यूव्हीबी कमी झालेला असतो. साधं कॅल्शियम, म्हणजे डी-३ आणि फॉस्फरस नसलेलं, जवळजवळ प्रत्येक खाण्याला किड्यांवर हलकंसं भुरभुरायचं. डी-३ असलेली मल्टिव्हिटॅमिन पावडर महिन्यातून दोनदाच, जास्त झाली तर ती पण बाधते. अंड्यांसाठी शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, आणि कळा द्यायला स्नायूंना पण कॅल्शियमच लागतं, म्हणून हाडं वाकलेल्या मादीची अंडी अडकायची शक्यता जास्त.

अंडी ठेवली तर पिल्लं निघतील?

नराशी कधीच गाठ पडली नसेल तर नाही, व्हेल्डमध्ये नराशिवाय पिल्लं होत नाहीत. अशी अंडी बहुतेक पिवळट दिसतात, काही दिवसांत पिचकतात, बुरशी धरतात. पण मादी मोठी झाल्यावर घेतली असेल आणि आधी नराबरोबर होती असं असेल तर सांभाळा, ती वीर्य शरीरात साठवून ठेवते आणि पुढची खेप पण सजीव निघू शकते. सजीव अंडी उबवायला सहा ते नऊ महिने लागतात, २६ ते २८ अंश, ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, आणि अंडं ज्या बाजूने सापडलं तीच बाजू वर, फिरवायचं नाही. पन्नास पिल्लांना वेगवेगळं सांभाळणं आणि चांगली घरं शोधणं झेपणार नसेल तर अंडी पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. त्यात वाईट वाटून घेऊ नका.

अंडी, वाळू हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असतात. बादली किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका.

आमच्याकडे पँथर किंवा जॅक्सन आहे, त्यांना पण हेच?

पँथर शॅमेलिऑन, मादागास्करचा, त्याला डबा, आडोसा सगळं हेच. अंडी व्हेल्डपेक्षा कमी असतात. मादी मुळात दोन-तीन वर्षंच जगते म्हणून प्रत्येक खेप जपायची. जॅक्सन, ते तीन शिंगांचे, केनिया-टांझानियातले, त्यांची मादी थेट पिल्लांना जन्म देते, त्यांना वाळूचा डबा लागत नाही.

भारतात पाळता येतो का? गावाकडे दिसतो तो घरी आणला तर?

आणू नका. आपल्याकडचा भारतीय शॅमेलिऑन, काही भागांत त्याला घोयरा म्हणतात, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. त्याची मादी पण जमिनीत खणून अंडी घालते, तेव्हा ती झाडावरून खाली, रस्त्याच्या कडेला दिसते, आणि विषारी समजून लोक मारतात. शॅमेलिऑन विषारी नसतो. अशी जमीन उकरताना दिसली तर लांब उभे राहा, पोरांना लांब ठेवा, ती तिचं काम करून जाईल. परदेशी जातींचं म्हणाल तर व्हेल्ड आणि पँथर दोन्ही सायटिस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, कागद नसलेलं पिल्लू कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

एकदाच ऑपरेशन करून कटकट संपवता येते का?

अंडाशय काढतात, अनुभवी डॉक्टर हे करतात. ज्या मादीला एकदा अडकलंय तिच्यासाठी मी नक्की विचार करेन. तरुण, धडधाकट मादीला निव्वळ खबरदारी म्हणून करायचं का, ते भुलीची जोखीम, खर्च आणि डॉक्टरने आधी किती शॅमेलिऑनवर हे केलंय ते विचारून ठरवा. मी शेवंतीचं केलेलं नाही, खाण्यावर आणि तापमानावर ती नीट चाललीय.

डब्यातली वाळू परत वापरायची का?

सगळी अंडी मोजून काढली असतील तर चाळून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मी परत वापरते. एखादं अंडं फुटलं असेल, वास येत असेल तर टाकून द्या, वाळू स्वस्त आहे. मात्र जुनी वाळत असताना डबा रिकामा ठेवू नका, दुसरी वाळू भरून त्याच दिवशी परत आत ठेवा.